जेसन वेब टोकन : पडताळणीतील त्रुटी
लॉगिननंतर सर्व्हर वापरकर्त्याला देतो ते सही केलेले टोकन. आरएफसी ७५१९ या इंटरनेट मानक दस्तऐवजाने २०१५ मध्ये प्रमाणित. सही कोणत्या पद्धतीने तपासायची हे टोकनच्या हेडरमध्येच लिहिलेले असते आणि खरी मेख इथेच आहे, कारण हेडर हल्लेखोराला बदलता येतो. काही लायब्ररी हेडरमध्ये ‘नन’ (सही नाही) असे लिहिलेले बिनसहीचे टोकनही खरे मानत. दुसरी चूक अशी : हेडरमधील आरएस२५६ (खाजगी किल्लीने सही, सार्वजनिक किल्लीने तपासणी) खोडून एचएस२५६ (सही व तपासणी एकाच गुप्त किल्लीने) लिहिले, की सर्व्हर आपली सार्वजनिक किल्लीच गुप्त किल्ली समजून सही तपासे. ती किल्ली कोणालाही मिळू शकते. त्यामुळे ‘अ‍ॅडमिन’ असल्याचे टोकन घरबसल्या बनवता येई. दोन्ही त्रुटी २०१५ मध्येच उघड झाल्या. आरएफसी ८७२५ (२०२०) नुसार स्वीकारार्ह पद्धत सर्व्हरनेच आधी ठरवावी; टोकन कोणी व कोणासाठी दिले, हेही तपासावे.