व्हाइट हाउसमधले साप

सप्टेंबर १९०७. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ॲटर्नी जनरलशी मसलत करीत असताना धाकटा क्वेंटिन धावत आला आणि वडिलांच्या मांडीवर तीन साप ठेवले. एक मोठा किंग स्नेक, दोन अगदी लहान. प्राणिविक्रेत्याने ते नऊ वर्षांच्या या मुलाला उसने दिले होते!

किंग स्नेक बिनविषारी, माणसाला सरावणारा. पण इतर साप हे त्याचे भक्ष्यच. तो सोबतच्या लहानग्याला गिळू पाहत होता.

या घराला साप नवे नव्हते. थोरली ॲलिस ‘एमिली स्पिनॅच’ नावाचा हिरवा साप मेजवान्यांना नेत असे. नावातली एमिली म्हणजे तिची सडपातळ मावशी.

रूझवेल्टांनी क्वेंटिनला शेजारच्या दालनात ताटकळलेल्या चार काँग्रेस-सदस्यांकडे धाडले. त्यांना साप आधी लाकडी वाटले. मग मंडळी मागे सरकली. तेवढ्यात किंग स्नेक क्वेंटिनच्या बाहीत शिरला. खवल्यांमुळे त्याला मागे ओढणे कठीण होते, तेव्हा एका सदस्याने जपून मुलाचे जाकीट उतरवू लागले.

हे सारे रूझवेल्टांनी २८ सप्टेंबरच्या पत्रात दुसऱ्या मुलाला, आर्चीला कळवले. ती पत्रे १९१९ मध्ये पुस्तकरूपाने आली. क्वेंटिन जुलै १९१८ मध्येच फ्रान्समध्ये हवाई युद्धात मारला गेला होता, वयाच्या २०व्या वर्षी.