वॉलेस, विल्यम व्हिन्सेंट

(११ मार्च १८१२–१२ ऑक्टोबर १८६५). आयरिश व्हायोलिन व पियानोवादक आणि ऑपेराकार. जन्म आयर्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील वॉटरफर्ड येथे. ‘मारिताना’ या ऑपेराचा कर्ता म्हणून संगीताच्या इतिहासात त्याचे नाव आहे. मात्र हा ऑपेरा रंगभूमीवर आला तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता, आणि तोवर डब्लिनपासून सिडनीपर्यंतच्या श्रोत्यांनी त्याला डोक्यावर घेतले होते ते मुख्यतः व्हायोलिनसाठी. त्याच्या चरित्रात या वादकाकडे नेहमीच दुर्लक्ष होते, म्हणून येथे त्याला अधिक जागा दिली आहे.

वडील स्पेन्सर वॉलेस हे मेयो परगण्यातील बॅलिना भागातले, लष्करी बँडमास्तर. घरात वाद्ये हाताशी आणि शिकवणारा घरचाच, त्यामुळे मुलाला अनेक वाद्यांची ओळख लहानपणीच झाली. धाकटा भाऊ वेलिंग्टन बासरीवादक झाला आणि बहीण एलिझाबेथ गायिका. या काळात ब्रिटिश पलटणींच्या बँडबरोबर पाश्चात्त्य वाद्ये जगभर पोचत होती. मद्रासेत बालुस्वामी दीक्षितरांनी एका युरोपीय वादकाकडून व्हायोलिन शिकून ते कर्नाटक संगीतात आणले, तेही याच शतकाच्या आरंभी. वॉलेसच्या घरात अशा बँडचीच शिस्त होती : कागदावरचे स्वर पाहताक्षणी वाजवायचे आणि कोणी गैरहजर असेल तर त्याचे वाद्य उचलायचे.

वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास तो डब्लिनच्या थिएटर रॉयलच्या वाद्यवृंदात दाखल झाला, आणि मुख्य व्हायोलिनवादक नसेल तेव्हा त्याच्या खुर्चीवर बसू लागला. ही जबाबदारी केवढी, हे सांगायला हवे. हातात काठी घेऊन समोर उभा राहणारा संचालक तेव्हा अजून सर्वत्र रुळलेला नव्हता. मुख्य व्हायोलिनवादकच स्वतः वाजवत असताना गजाच्या इशाऱ्याने ताल धरून द्यायचा आणि गायक चुकला तर वृंदाला सावरून घ्यायचा. मिसरूड फुटायच्या वयातल्या मुलाकडे हे काम सोपवले गेले, यावरून त्याची तयारी कळते.

१८३० मध्ये टिपेरारी परगण्यातील थर्लस येथे कॅथलिक कॅथीड्रलचा ऑर्गनवादक म्हणून त्याची नेमणूक झाली. तेथील उर्सुलाइन जोगिणींच्या मठात तो संगीतही शिकवी. तेथेच इझाबेला केली या विद्यार्थिनीशी त्याचे प्रेम जमले. मुलीच्या वडिलांनी कॅथलिक होण्याची अट घातली. ती मान्य करून त्याने लग्न केले. ‘व्हिन्सेंट’ हे नाव त्याने या धर्मांतराच्या वेळी घेतले. जोडपे लवकरच डब्लिनला परतले.

१८३१ च्या संगीत महोत्सवासाठी विख्यात व्हायोलिनवादक पागानीनी डब्लिनला आला आणि वॉलेसने त्याला ऐकले. वॉलेसच्या वादनाला वळण लागले ते या श्रवणाने. डाव्या हाताच्या बोटांनीच तार छेडणे, तारेवर बोट न दाबता नुसते टेकवून शिटीसारखे उंच सूर काढणे, बाकीच्या तारा सोडून सर्वांत जाड तारेवर अख्खी रचना वाजवणे ही पागानीनीची खासियत. तिच्याकडे पाहून कित्येक वादक हबकले. एकोणीस वर्षांच्या वॉलेसने ती आत्मसात करायला घेतली. मे १८३४ मध्ये डब्लिनच्या अ‍ॅनाक्रिऑन्टिक सोसायटीत त्याने स्वतः रचलेला व्हायोलिन कन्चेर्तो वाजवला.

पण डब्लिनमध्ये अशा कलावंताचा निभाव लागणे अवघड झाले होते. १८०० च्या ऐक्य कायद्याने आयर्लंडची संसद बरखास्त झाली, तेव्हापासून उमराव आणि धनिक लंडनकडे वळले आणि संगीताचा आश्रय आटत गेला. १८३५ च्या जुलैत वॉलेस बायको-मुलासह लिव्हरपूलहून जहाजाने निघाला. ऑक्टोबरअखेर टास्मानियातील होबार्टला आणि जानेवारी १८३६ मध्ये सिडनीला पोचला. वडील आणि भावंडेही तेथे आली. एप्रिलमध्ये या कुटुंबाने सिडनीत संगीतशाळा उघडली. ऑस्ट्रेलियातील ती पहिली मानली जाते. कैद्यांची वसाहत म्हणून वसलेल्या त्या शहराने या तोडीचा वादक पूर्वी ऐकला नव्हता. एकाच मैफलीत तो व्हायोलिन आणि पियानो दोन्ही वाजवी. ‘ऑस्ट्रेलियाचा पागानीनी’ हे बिरूद त्याला येथेच चिकटले. गव्हर्नर सर रिचर्ड बर्क यांचा त्याला आश्रय होता. सेंट मेरीज कॅथीड्रलच्या ऑर्गन-निधीसाठी १८३६ आणि १८३८ मध्ये झालेले समूहसंगीताचे दोन मोठे कार्यक्रमही त्यानेच बसवले. लंडनहून पियानो मागवून विकण्याचा धंदाही त्याने केला. अखेर कर्ज डोक्यावर ठेवून आणि इझाबेला व मुलाला मागे सोडून १८३८ मध्ये तो दक्षिण अमेरिकेकडे निघून गेला. त्याच्या चरित्रातील या भागावर पांघरूण घालण्याचे कारण नाही.

वॉलेसविषयीच्या दंतकथा याच वर्षांभोवती जमल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच त्याने स्वतः पसरवल्या. संगीत सोडून तो मेंढपाळ झाला होता आणि योगायोगाने गव्हर्नरच्या कानी त्याचे वादन पडले, ही एक. न्यूझीलंडमध्ये माओरींच्या तावडीतून सुटल्याची दुसरी. ती फ्रेंच संगीतकार एक्तोर बर्लिओझने आपल्या १८५२ च्या पुस्तकात रंगवून सांगितली आणि युरोपभर पोचवली. तो हिंदुस्थानात आला, अवधच्या बेगमेने त्याचा सत्कार केला आणि त्याने वाघाची शिकार केली, असेही जुन्या संगीतकोशांत छापलेले आढळते. यांतले काही तारखांशी जुळत नाही. सिडनीला पोचल्यानंतर काही आठवड्यांतच त्याच्या मैफली सुरू झालेल्या दिसतात. मेंढ्या राखायला त्याला सवड नव्हती. सिडनी सोडल्यावर तो पॅसिफिक ओलांडून चिलीतील वाल्पाराइसोला गेला. अवधच्या दरबारासाठी त्या प्रवासात जागा उरत नाही. या गोष्टींनी वॉलेसचे नुकसानच केले. साहसांच्या गराड्यात वादक हरवला, आणि दीडेक वर्षाच्या अंतराने जगाच्या दोन टोकांना श्रोते जिंकणारा हा माणूस खरोखर काय वाजवत होता, याची चौकशी फारशी कोणी केली नाही.

दक्षिण अमेरिकेतील मैफलींनंतर १८४१ मध्ये त्याने मेक्सिको सिटीत इटालियन ऑपेराच्या हंगामाचे संचालन केले. पुढे न्यूयॉर्कमध्ये व्हायोलिन आणि पियानो या दोन्हींवर नाव मिळवून १८४५ मध्ये तो लंडनला आला. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला ड्रुरी लेन थिएटरात ‘मारिताना’चा पहिला प्रयोग झाला. संहिता एडवर्ड फिट्झबॉलची, कथानक एका फ्रेंच नाटकावरून घेतलेले. माद्रिदच्या रस्त्यावर गाणारी मारिताना आणि मरणदंड झालेला सरदार डॉन सेझार यांचे, बुरखा घातलेल्या वधूशी तुरुंगात लागलेल्या लग्नातून सुरू होणारे हे नाट्य. गोष्ट भाबडी आहे, पण चाली पक्क्या बांधलेल्या आहेत. गळ्याला कोठे ताण द्यायचा आणि कोठे विसावा, हे ऑपेराच्या वृंदात बसून वाढलेल्या माणसाला नेमके ठाऊक होते. डब्लिन (१८४६) आणि व्हिएन्ना (१८४८) येथेही हा ऑपेरा झाला. किर्लोस्करांची नाट्यपदे जशी नाटकगृहाबाहेर पडून घराघरांत गेली, तशीच यातली गाणी आयर्लंडमध्ये बैठकीच्या खोल्यांत गेली. जेम्स जॉइसच्या ‘डब्लिनर्स’ (१९१४) या कथासंग्रहातील पात्रे या ऑपेराचा उल्लेख घरच्या गोष्टीसारखा करतात. बाल्फचा ‘बोहेमियन गर्ल’, बेनेडिक्टचा ‘लिली ऑफ किलार्नी’ आणि ‘मारिताना’ अशी तीन ऑपेरांची जोडणी पुढे ‘आयरिश रिंग’ म्हणून ओळखली गेली.

‘माटिल्डा ऑफ हंगेरी’ (१८४७) फसला. ऱ्हाइनच्या जलपरीवरचा ‘लुर्लाइन’ बराच काळ पडून राहिला आणि २३ फेब्रुवारी १८६० रोजी कोव्हेंट गार्डनला गाजला. रचनेच्या दृष्टीने तो ‘मारिताना’पेक्षा सरस आहे. नंतरच्या ‘द अँबर विच’, ‘लव्ह्ज ट्रायम्फ’ आणि ‘द डेझर्ट फ्लॉवर’ यांना तसे यश आले नाही. पियानोसाठी त्याने पुष्कळ लिहिले आणि ते खपलेही. ज्या वाद्याने त्याला जगभर फिरवले त्याच्यासाठी त्या मानाने फार थोडे छापले गेले, आणि ध्वनिमुद्रण तर त्याच्या हयातीनंतरचे. परिणामी त्याचे वादन आज कळते ते बहुतांशी वर्तमानपत्रांतील वर्णनांवरून.

मधल्या काळात तो अमेरिकेचा नागरिक झाला आणि हेलेन स्टोपेल या पियानोवादिकेशी त्याने संसार मांडला. डोळ्यांच्या विकाराने त्याला बरीच वर्षे छळले. फ्रान्समध्ये पिरनीज पर्वताच्या पायथ्याशी, ओत-गारोन विभागातील शातो द बाजां येथे हलाखीत त्याचा मृत्यू झाला. दफन लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत. मागे दोन विधवा राहिल्या. हेलेन १८८५ मध्ये न्यूयॉर्कला वारली. सिडनीत सोडलेली इझाबेला त्याच्यामागे पस्तीस वर्षे जगली आणि १९०० मध्ये डब्लिनमध्ये वारली.

वॉटरफर्डला नदीकाठच्या एका चौकाला त्याचे नाव आहे. ‘मारिताना’चे ध्वनिमुद्रण आयरिश वाद्यवृंदाने १९९० च्या दशकात केले, तर ‘लुर्लाइन’चे रिचर्ड बॉनिंग यांच्या संचालनाखालील मुद्रण २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.