विक्रीकर सवलत, औद्योगिक (महाराष्ट्र)

मागास भागांत कारखाने यावेत म्हणून महाराष्ट्र शासनाने १९६४ पासून राबवलेल्या सामूहिक प्रोत्साहन योजनेतील सवलत. काही उद्योगांना विक्रीकर माफ झाला. काहींनी तो ग्राहकाकडून वसूल केला आणि सरकारला अनेक वर्षांनी, बिनव्याजी भरला. म्हणजे जनतेचा कर कंपनीचे खेळते भांडवल झाला. पुढे ही रक्कम मुदतीआधी ‘वर्तमान मूल्याने’, म्हणजे भविष्यातील देण्याच्या आजच्या कमी किमतीत, फेडण्याची मुभा मिळाली. सुल्झर इंडिया कंपनीने सुमारे ७.५२ कोटी रुपयांच्या देण्यापोटी सुमारे ३.३७ कोटी भरले. उरलेला फरक करपात्र उत्पन्न नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. हे सारे कायदेशीर आहे, आणि म्हणूनच याचा जाब धोरणाला विचारायला हवा. कारखान्याला लागणारे रस्ते, पाणी आणि कामगारांच्या मुलांच्या शाळा सरकारी तिजोरीतूनच उभ्या राहतात.

गावपातळीवरच्या करांतही कारखान्याला वेगळी वाट आहे: ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२५ नुसार कारखाना पंचायतीशी करार करून करांऐवजी ठोक रक्कम देऊ शकतो. अजिंठा लेण्यांजवळच्या फर्दापूरसारख्या (ता. सोयगाव) गावात घरपट्टी, पाणीपट्टी भरणाऱ्या साध्या दुकानदाराला अशी तडजोड उपलब्ध नाही.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तरी मोठ्या प्रकल्पांना राज्याच्या वाट्यातील कराशी निगडित परतावा अनुदानरूपाने मिळत राहिला.