श्वासमार्गाची स्वच्छता
सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकारात, १९८९ मध्ये ओळखल्या गेलेल्या एका जनुकातील दोषामुळे पेशींतून क्षार व पाणी यांची ये-जा बिघडते, फुप्फुसांतला कफ चिकट होऊन आपोआप वर सरकत नाही आणि तो रोज प्रयत्नपूर्वक काढावा लागतो. त्यासाठीच्या ‘हफ’ या तंत्रात, चष्म्याची काच पुसण्यापूर्वी तिच्यावर तोंडाची वाफ धरावी तसा, घसा मोकळा ठेवून श्वास जोराने बाहेर सोडतात, म्हणजे सुटलेला कफ मोठ्या श्वासनलिकांत येतो. धावण्याने वा दोरीवरच्या उड्यांनीही कफ सुटतो हे खरे. तथापि केवळ व्यायामावर विसंबून हे तंत्र सोडणे धाडसाचेच ठरेल. शिवाय या रुग्णांच्या घामातून मीठ फार जात असल्याने खेळानंतर त्यांना नुसते पाणी पुरत नाही, वैद्यकीय सल्ल्याने मीठही द्यावे लागते.