तेलविहिरीतील उत्पादन-लॉगिंग : मोजणीपूर्वीची तयारी

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या मुंबई हाय या सागरी क्षेत्राचा शोध १९७४ मध्ये लागला आणि १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. अशा जुन्या क्षेत्रांत तेलाबरोबर पाणीही वर येते. ते कोणत्या थरातून शिरते, हे विहिरीच्या तोंडाशी मोजून कळत नाही. त्यासाठी चालू विहिरीत केबलच्या टोकाला मापनयंत्रे लावून ती खाली सोडावी लागतात. या मोजणीस उत्पादन-लॉगिंग म्हणतात. तिच्या निष्कर्षावरून एखादा थर बंद केला जातो. निष्कर्ष चुकला, तर पाणी वाहतच राहते आणि तेलाचा थर बंद होतो.

यंत्रमाळेत प्रवाहाबरोबर फिरणारा छोटा पंखा (स्पिनर), तापमापक, दाबमापक आणि मिश्रणाची घनता व त्यातील पाण्याचा अंश मोजणारी उपकरणे असतात. गॅमा-किरण मापक खोलीची खात्री पटवितो.

तयारीतील कळीची बाब म्हणजे विहिरीची स्थिरता. विहीर नुकतीच सुरू केली असेल किंवा चोक बदलला असेल, तर प्रत्येक थराचा वाटा काही काळ बदलत राहतो आणि एका फेरीचे आकडे दुसरीशी जुळत नाहीत. गॅस-लिफ्टवर चालणाऱ्या विहिरीत आत सोडल्या जाणाऱ्या वायूचा दर व दाबही स्थिर हवा. मोजणीच्याच वेळी चाचणी-विभाजकातून तेल, पाणी व वायू यांचे दर नोंदविणे आवश्यक ठरते. ताळा पाहण्यास दुसरा भरवशाचा आधार नसतो.

पंख्याची गती प्रवाहावर जशी अवलंबून असते, तशीच केबलच्या वेगावरही. म्हणून वर-खाली अनेक फेऱ्या निरनिराळ्या वेगांनी घेण्याचे आधीच ठरवावे लागते. तापमानाची नोंद मात्र पहिल्या उतरत्या फेरीत घेणे श्रेयस्कर, कारण नंतर यंत्राच्या हालचालीने विहिरीतील द्रव ढवळला जातो. विहीर बंद ठेवूनही एक फेरी घेतली जाते. एका थरातील द्रव दुसऱ्या थरात शिरत असल्यास तो तेव्हा उघड होतो.

विहिरीचा आराखडाही नीट वाचावा लागतो. उत्पादन-नळीचे टोक छिद्रित थराच्या खाली गेले असेल, तर तेथील प्रवाह नळीबाहेरून वाहतो आणि पंख्याला तो दिसतच नाही. तिरप्या विहिरीत पाणी तळाकडे व तेल वरच्या बाजूस सरकते. मधोमध फिरणारा एकटा पंखा तेथे फसवतो. आडव्या विहिरीत यंत्र स्वतःच्या वजनाने पुढे जात नाही, त्यामुळे कॉइल्ड ट्यूबिंग किंवा ट्रॅक्टरची सोय करावी लागते.

यंत्रमाळेचा व्यास साधारण ४३ मिलिमीटर असतो. मेण वा क्षार साचून नळी अरुंद झाली असल्यास ती अडकू शकते. म्हणून आधी त्याच मापाचे नकली यंत्र उतरवून मार्ग मोकळा असल्याचे पाहतात. ल्युब्रिकेटरची दाबचाचणी विहिरीच्या तोंडाशी अपेक्षित असलेल्या कमाल दाबाहून अधिक दाबाने होते. हायड्रोजन सल्फाइड असल्यास केबलही त्यास टिकणारी निवडावी लागते.