लेकीचं बोट आणि बुटाचा आकडा



मे संपत आला की वाणगावच्या बाजारात मिरच्यांच्या गोण्यांशेजारी रेनकोट, छत्र्या आणि शाळेचे काळे बूट दिसायला लागतात. माझी नात यंदा पहिलीत जाणार. परवा सुनेने विचारलं, "आई, हिच्या बुटाचा नंबर काय असेल हो?" मी लगेच उत्तर दिलं नाही. त्या नंबरावर विसंबून मी एकदा फसले आहे. चूक माझीच होती, म्हणून आधी तीच सांगते.

1991 साल. लेक पहिलीत होती. शाळेला काळे बूट हवे होते आणि आमच्या घरात चामडं नको होतं. तेव्हा डहाणूपर्यंत लोकल नव्हती, ती 2013 साली आली. शटल पकडून जवळच्या मोठ्या गावात गेलो. दुकानदाराने पट्टीवर पाऊल ठेवायला लावलं, नंबर सांगितला आणि रेक्झिनचे बूट पुढे केले. लांबीला अगदी बरोबर. आठवड्यात लेक म्हणाली, "आई, बूट चावतात." मी म्हणाले, "चार दिवस चावतात, मग सैल होतात." पावसाळाभर ती तशीच शाळेत गेली. दिवाळीत तेल लावताना पाहिलं, तर उजव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट वाकलेलं आणि अंगठ्याचं नख आत रुतलेलं. नख बरं झालं. बोट सरळ झालं नाही. तिच्या लग्नात त्या बोटात जोडवं नीट बसेना, तेव्हा सगळ्या हसल्या. मी हसू शकले नाही.

"चार दिवस चावतात" हे वाक्य माझं नव्हतं, माझ्या आईचं होतं. माहेर सांगलीकडचं, शेतकरी जैन घर. आजोबांच्या पायात कोल्हापुरी वहाणा असायच्या. खोटं कशाला सांगू, शेतकरी जैन घरांतून त्या सर्रास होत्या. गावातले चर्मकार पाऊल कागदावर ठेवायला सांगत, कडेने पेन्सिल फिरवत आणि त्या मापावर चामडं कापत. नवी वहाण करकर वाजे, चावे. तेल पाजलं, चार दिवस वापरली की ती पायाची होई, कारण चामडं ताणतं. पुढे आमच्या घरातून चामडं गेलं, त्याचा मला आनंदच आहे. पण त्याच्याबरोबरचं वाक्य मागे राहिलं. रेक्झिन आणि प्लॅस्टिक चार दिवसांत सैल होत नाही, चार महिन्यांतही नाही. तिथे पायच बुटाचा होतो. हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचार केला नाही.

आता त्या नंबराची गोष्ट. आपण दुकानात जो अकरा-बारा म्हणतो तो आकडा इंग्रजांचा. त्यांच्याकडे जुन्या काळी जवाच्या दाण्याने मोजत. तीन जव म्हणजे एक इंच. बुटाचा एक नंबर वाढला म्हणजे लांबी एका जवाने, साधारण साडेआठ मिलिमीटरने वाढली. लहान मुलांचा शून्य नंबर चार इंचांवर धरतात. तिथून एकेक जव चढत तेरापर्यंत जायचं आणि मग पुन्हा एकपासून सुरुवात. म्हणून मुलगा मोठा होतो आणि बूट तेराचा एकदम एक होतो. माझ्या शेजारणीला वाटलं होतं दुकानदार चेष्टा करतोय! आणखी एक गंमत म्हणजे ही लांबी पायाची नसते. ज्या फर्म्यावर बूट बनतो त्या फर्म्याची असते. युरोपचे नंबर वेगळे, एकेक नंबर दोन-तृतीयांश सेंटिमीटरचा. त्यामुळे एकाच पायाला एका डब्यावर 12 आणि दुसऱ्या डब्यावर 30 लिहिलेलं दिसतं.

जव आपल्याला नवा नाही. पाठशाळेत घोकलेलं आठवतंय का? आठ जव म्हणजे एक अंगुल, सहा अंगुल म्हणजे एक पाद, दोन पाद म्हणजे एक वितस्ती. तिलोयपण्णत्तीत अंगुलही तीन प्रकारचं सांगितलं आहे, उत्सेधांगुल, प्रमाणांगुल आणि आत्मांगुल. आत्मांगुल म्हणजे ज्या काळी, ज्या क्षेत्रात जी माणसं असतील त्यांचं स्वतःचं अंगुल. झारी, कलश, आरसा, शय्या, गाडा अशा रोजच्या वापरातल्या वस्तू त्याने मोजायच्या. लहानपणी मी हे परीक्षेपुरतं पाठ केलं. जी वस्तू माणसाने वापरायची तिला त्याच माणसाचं माप, इतकं साधं ते आहे, हे लेकीच्या बोटाने मला शिकवलं.

बूट मात्र आपल्याकडे परक्या मापाने आले. झेकोस्लोव्हाकियाच्या बाटा कंपनीने कोलकात्याजवळ कोन्नगरला काम सुरू केलं, पुढे तिथे बाटानगर वसलं. मी काही त्यांना नावं ठेवत नाही. रबरी तळव्याचे कॅनव्हासचे बूट आले म्हणून तर आपल्या घरांतली मुलं चामड्याशिवाय पीटीला जाऊ लागली. पण घराघरातल्या पावलाची रेघ काढणारा कागद गेला आणि त्याच्या जागी एक आकडा आला.

तो आकडा फक्त लांबी सांगतो. रुंदीचं काय? अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक नावाच्या माणसाने 1920 नंतरच्या दशकात पाय मोजायचं एक उपकरण केलं. पहिला नमुना त्याने मुलांच्या जोडाजोडीच्या खेळण्याच्या पट्ट्यांचा बनवला होता. त्यावर टाच ते बोट, टाच ते चवडा आणि रुंदी अशी तीन मापं एका वेळी निघतात. त्याच सुमारास परदेशातल्या बुटांच्या दुकानांत क्ष-किरणांची पेटी आली. मुलाने बुटासकट पाय आत घालायचा आणि आईने वरून हाडं बघायची! किरणोत्साराच्या भीतीने पुढे त्या पेट्या गेल्या. आमचे हे तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झाले, आयुष्यभर छातीला बॅज लावून कामाला गेलेले. त्यांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, "आणि आम्हाला एवढे नियम!"

बरं, बूट घातलेच नाहीत तर? 1992 साली कर्नाटकातल्या राव आणि जोसेफ या दोन डॉक्टरांनी 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांची पावलं तपासून निष्कर्ष छापले. पायात काही घालणाऱ्या मुलांत सपाट पाय 8.6 टक्के निघाले, अनवाणी मुलांत 2.8 टक्के. पुढून बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत जास्त होते. मला मुनिमहाराजांचे चरण आठवले. विहार करून आलेल्या त्या पावलांची बोटं कशी सुटी, पसरलेली असतात! म्हणून आपल्या मुलांना अनवाणी शाळेत पाठवा असं मी म्हणत नाही. आमच्याकडे पावसात विंचू-काटा आहे, काचा आहेत. पण घरात, अंगणात आणि मंदिरात पाय मोकळे राहू द्यावेत.

आणि आता ऐका, आपल्या देशाचं माप शेवटी कोणी काढलं, तर चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने! डिसेंबर 2021 ते मार्च 2022 मध्ये त्यांनी 79 ठिकाणी 1,01,880 लोकांची पावलं यंत्राने मोजली. भारतीयांची पावलं युरोप-अमेरिकेपेक्षा रुंद निघाली. बूट अरुंद, म्हणून लोक रुंदीसाठी गरजेपेक्षा लांब बूट घेतात, हेही त्यांनी नोंदवलं. मुलींचं पाऊल साधारण अकराव्या वर्षापर्यंत भराभर वाढतं, मुलग्यांचं पंधरा-सोळापर्यंत. या मापांवरून 'भा' नावाची नवी पद्धत सुचवली गेली आहे. चामड्याच्या संस्थेचं काम असलं तरी ते वाचून मला हायसं वाटलं. माझ्या लेकीचं पाऊल रुंद होतं, वेडंवाकडं नव्हतं.

तर, सुनेला काय सांगितलं? संध्याकाळी मोजायचं, दिवसभर खेळून पाय थोडा फुगलेला असतो तेव्हा. बसवून नाही, उभं करून. दोन्ही पावलं, कारण एक मोठं असतंच, आणि बूट मोठ्या पावलाचा घ्यायचा. पेन्सिल सरळ उभी धरायची. तीन ते पाच वर्षांच्या मुलाचं पाऊल वर्षात साधारण सेंटिमीटरभर वाढतं, पुढे थोडं कमी, म्हणजे वर्षाला जेमतेम एक नंबर. मी कॉमर्सची, पूर्वी दोन नंबर मोठे घेऊन पुढे कापूस कोंबायचे आणि पैसे वाचले म्हणायचे. आता थोरल्याचे झिजलेले बूट धाकट्याला देणंही सोडलं आहे. ते थोरल्याच्या पावलावर आकारलेले असतात.

गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर नातीची दोन्ही पावलं काढली. डावं 18.1 सेंटिमीटर, उजवं 18.4. रेघेवरून कागद कापला आणि तो घेऊन बोईसरला गेलो. दुकानदार नंबर विचारत होता, मी कागद बुटात सरकवत होते. पहिल्या जोडाच्या कडेला कागद दुमडला. दुसऱ्यात, तिसऱ्यातही दुमडला. दुकानातला मुलगा कंटाळला, नात खिदळत होती, "आजी, कागदाला बूट घेतेस?" चौथा कॅनव्हासचा जोड होता. त्यात कागद सपाट बसला, पुढे माझ्या अंगठ्याएवढी जागा राहिली. डब्यावरचा आकडा मी घरी येऊन वाचला.