शेरीच्या पिंपातील कडक सिंगल माल्ट : रंग, धग आणि चव

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळू लागला, की घराघरांतल्या माठातले पाणी दिसामाजी कमी होते. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरलेले पाणी कोरड्या हवेत उडून जाते आणि उरलेले पाणी थंड राहते. हा अनुभव खानदेशात कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. ओक लाकडाच्या पिंपात वर्षानुवर्षे मुरणाऱ्या व्हिस्कीची गोष्टही याच्याशी जवळचे नाते सांगणारी आहे. लाकूडही श्वास घेते, आतला द्रव उडत राहतो, आणि जे उरते त्याचे रंगरूप व चव पार बदलून जाते. भारतात तयार होणाऱ्या सिंगल माल्टला जगाच्या बाजारात मान मिळाल्यापासून ही प्रक्रिया आपल्याकडच्या जाणकारांच्या कुतूहलाचा विषय झाली आहे. त्यातही शेरीच्या पिंपात मुरवलेली, फारसे पाणी न घालता बाटलीत भरलेली कडक माल्ट हा प्रकार सर्वाधिक आकर्षणाचा आणि सर्वाधिक गैरसमजांचा आहे.

शेरी म्हणजे काय?

सिंगल माल्ट म्हणजे केवळ मोड आणलेल्या जवापासून, एकाच भट्टीत गाळलेली व्हिस्की. भट्टीतून निघते तेव्हा ती पाण्यासारखी रंगहीन असते. सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा आणि भिल्ल समाजांत गाळली जाणारी मोहाची दारू रंगहीन असते, कारण ती लाकडात मुरवली जात नाही. व्हिस्कीला नैसर्गिक रंग देते ते पिंप.

शेरी हे दक्षिण स्पेनमधील हेरेझ परिसरात होणारे द्राक्षमद्य. त्यात वरून द्राक्षांचेच अल्कोहोल मिसळून त्याची तीव्रता वाढवलेली असते. ओलोरोसो ही शेरी हवेच्या संपर्कात मुरते, तिला अक्रोडासारखा कोरडा, खमंग वास येतो. पेद्रो शिमेनेझ ही द्राक्षे उन्हात सुकवून केलेली, काकवीसारखी दाट आणि गोड शेरी. या मद्यांनी भिजलेल्या पिंपात व्हिस्की भरली, की मनुका, खजूर, अंजीर यांची आठवण देणारे स्वाद तिच्यात उतरतात. युरोपीय ओकमधील टॅनिनमुळे तुरटपणाही येतो. पूर्वी शेरी पिंपांतूनच ब्रिटनला जात असे आणि रिकामी पिंपे व्हिस्कीवाल्यांना स्वस्तात मिळत. पुढे शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करण्याचा दंडक आला आणि १९८० च्या दशकात हा मार्ग बंद झाला. आता बहुतेक पिंपे व्हिस्कीसाठीच मुद्दाम शेरीने भिजवून तयार केली जातात. साहजिकच ती महाग पडतात. अमेरिकी बर्बनचे पिंप सुमारे २०० लिटरचे असते, तर शेरीचे मोठे पिंप सुमारे ५०० लिटरचे.

बंगळूर आणि गोवा

भारतात या प्रकाराची वाट प्रथम बंगळूरच्या ‘अमृत’ने चोखाळली. जगदाळे हे महाराष्ट्राला ओळखीचे आडनाव. राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ मध्ये हा कारखाना सुरू केला आणि ऑगस्ट २००४ मध्ये, स्कॉच व्हिस्कीच्या माहेरघरी ग्लासगो शहरात, या घराण्याने आपली सिंगल माल्ट सादर केली. २०१० मध्ये आलेली ‘अमृत इंटरमीजिएट शेरी’ नावाप्रमाणेच मधल्या टप्प्यात शेरीला भेटते. आधी बर्बनची व कोरी ओकची पिंपे, नंतर ओलोरोसोची आणि शेवटी पुन्हा बर्बनची, असा तिचा प्रवास. त्यामुळे शेरीची छाप उमटते, पण जवाचा मूळ स्वाद तिच्याखाली दबून जात नाही. गोव्यात कुंकळ्ळी येथील ‘पॉल जॉन’ची सिंगल माल्ट २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये दाखल झाली. तिच्याही ओलोरोसो आणि पेद्रो शिमेनेझ पिंपांतील आवृत्त्या निघाल्या आहेत.

देवदूतांचा वाटा

पिंपातून उडून जाणाऱ्या भागाला व्हिस्कीच्या जगात ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. स्कॉटलंडमध्ये तो वर्षाला सुमारे २ टक्के असतो, तर बंगळुरात १० टक्के किंवा त्याहून अधिक. ५०० लिटरच्या पिंपाचा हिशेब मांडला, तर स्कॉटलंडमध्ये १२ वर्षांनंतरही सुमारे ३९० लिटर शिल्लक राहतात. वर्षाला १० टक्के घट धरल्यास मात्र ५ वर्षांतच सुमारे २९५ लिटर उरतात. ‘अमृत’ने २०१३ मध्ये ८ वर्षे मुरलेली व्हिस्की बाटलीत भरली, तेव्हा पिंपांतील सुमारे तीन-चतुर्थांश द्रव हवेत गेला होता. ‘ग्रीडी एंजल्स’, म्हणजे हावरे देवदूत, हे तिचे नाव सार्थच म्हणावे लागेल.

उष्णतेमुळे द्रव लाकडात खोलवर शिरतो आणि रंग व स्वाद झपाट्याने ओढून घेतो. म्हणून आपल्या हवेतील ५ वर्षांची माल्ट स्कॉटलंडमधील त्याहून बऱ्याच जुन्या माल्टइतकी गडद असू शकते. मात्र मुरण्याची सगळीच कामे उष्णतेने त्याच पटीत वेगाने होत नाहीत, आणि पिंपात जास्त काळ राहिली तर व्हिस्की लाकडाळ, कडवट होते. बाटलीवरचा वयाचा आकडा दोन हवामानांत एकाच मापाने मोजता येत नाही, तो याच कारणाने. कोठार कोरडे की दमट, यावरही पुष्कळ अवलंबून असते. कोरड्या हवेत पाणी अधिक उडते आणि मद्याची तीव्रता वाढते. दमट हवेत अल्कोहोल अधिक उडते आणि ती घटते.

५७.१ आणि ४२.८ ची कथा

भारतातील बहुतेक व्हिस्कीच्या बाटल्यांवर ४२.८ टक्के हा विचित्र आकडा आढळतो. त्याचे मूळ ब्रिटिश काळातील ‘प्रूफ’ या मापात आहे. मद्यात भिजवलेली बंदुकीची दारू पेटली तर मद्य अस्सल, अशी या शब्दामागची कथा सांगितली जाते. १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के अल्कोहोल. त्याहून २५ अंशांनी कमी, म्हणजे ७५ प्रूफ, म्हणजेच ४२.८ टक्के. ‘अमृत इंटरमीजिएट शेरी’ नेमकी ५७.१ टक्क्यांची आहे. स्कॉटलंडच्या ‘ग्लेनफारक्लास १०५’चे नावही याच मापावरून आले. १०५ प्रूफ म्हणजे ६० टक्के. ओलोरोसो पिंपांतील ‘अबेरलॉर अबुना’ हीसुद्धा ६० टक्क्यांच्या आसपासची.

इथे एक साधे गणित लक्षात ठेवण्याजोगे आहे. ५७.१ टक्क्यांच्या ३० मिलिलिटर व्हिस्कीत १० मिलिलिटर पाणी घातले, की ती बरोबर ४२.८ टक्क्यांची होते. याचाच दुसरा अर्थ असा, की कडक माल्टचे तीन पेग हे नेहमीच्या व्हिस्कीच्या चार पेगांबरोबर असतात. चव मऊ आणि गोडसर असल्याने ही तीव्रता जाणवत नाही, आणि फसगत होते ती तिथेच.

चाखण्याची रीत

पहिली अडचण हवामानाची. ‘खोलीच्या तापमानाला चाखावी’ हा सल्ला थंड देशांतला आहे, तिथे खोली २० अंशांच्या आसपास असते. जळगावच्या उन्हाळ्यात खोलीच ३८ अंशांवर असेल, तर पेल्यातून अल्कोहोलची वाफ तेवढी वर येते आणि नाकाला झोंबते. गार केलेल्या खोलीत किंवा हिवाळ्याच्या रात्री चाखणे उत्तम. बर्फ टाकल्यास वास व जीभ दोन्ही बधिर होतात. खानदेशी भरीत किंवा तिखट शेवभाजीनंतर लगेच चाखण्यातही अर्थ नाही.

पेला तळाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता असावा. १५ ते २० मिलिलिटर पुरेसे होतात. आधी काही मिनिटे पेला तसाच ठेवावा. मग तो नाकापासून थोडा दूर धरून, ओठ किंचित उघडे ठेवून वास घ्यावा. पहिला घोट अगदी थेंबभर, जिभेला सवय होण्यापुरता. दुसरा तोंडभर फिरवून, सावकाश गिळावा आणि मागे काय रेंगाळते याकडे लक्ष द्यावे. त्यानंतर चमच्याने थोडे थोडे पाणी घालून पुन्हा हेच करावे. बोअरच्या जड पाण्यातील क्षार चव बिघडवतात, म्हणून गाळलेले शुद्ध पाणी वापरावे.

पाणी घालणे म्हणजे व्हिस्कीचा अपमान, हा समज निराधार आहे. स्वीडनमधील लिनियस विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रारूपाद्वारे ग्वायकॉल या धुरकट गंधाच्या रेणूचा अभ्यास प्रसिद्ध केला. मद्य ५९ टक्क्यांहून कडक असता हा रेणू अल्कोहोलने वेढला जाऊन पृष्ठभागापासून दूर राहतो आणि पाणी घातल्यावर वर येतो, असे त्यात दिसले. पाणी घातल्यावर व्हिस्की किंचित गढूळ झाली तर घाबरू नये. थंड करून न गाळलेल्या व्हिस्कीतील तैलांश त्याला कारणीभूत असतात.

चवीला आपले शब्द

परदेशी वर्णनांत नाताळच्या केकचा उल्लेख हमखास असतो. मराठी जिभेने तो उसना घेण्याचे कारण नाही. मनुका, खजूर, काकवी, जायफळ, सुकी सुपारी, जांभळाचा तुरटपणा हे शब्द आपल्या स्वयंपाकघरातलेच आहेत. वाळलेली मोहाची फुले ज्यांनी हुंगली आहेत, त्यांना शेरीच्या पिंपाचा गंध परका वाटणार नाही. माल्टमध्ये कधी पिकल्या केळ्याचा वास येतो, तो आयसोअमाइल अॅसिटेटचा. आंबवताना यीस्टमुळे तयार होणारा हाच घटक पिकल्या केळ्यातही असतो. रावेर-यावलच्या माणसाला तो वेगळा शिकवावा लागू नये.

दोषही ओळखता यायला हवेत. जळक्या काडीचा किंवा फटाक्याचा वास आला, तर पिंप जपण्यासाठी जाळलेल्या गंधकाचा अंश राहिला असण्याचा संभव असतो. जीभ सुकवणारा कडवटपणा म्हणजे लाकडाचा अतिरेक. आणि केवळ गडद रंगावर भाळू नये, कारण स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग मिसळण्यास कायद्यानेच मुभा आहे.

मर्यादेचे भान

महाराष्ट्रात व्हिस्कीसारख्या मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवानाही लागतो. गोव्यातून येताना बाटली सोबत आणणाऱ्यांनाही हे नियम चुकत नाहीत. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. चाखणे आणि पिणे यांतला फरक म्हणूनच महत्त्वाचा. पिंपाने वर्षानुवर्षे जे थेंबाथेंबाने गमावले आणि कमावले, ते घटाघटा घशाखाली उतरवणाऱ्याच्या हाती धगीशिवाय काही लागत नाही. १५ मिलिलिटर, थोडे पाणी आणि अर्धा तास सवड एवढ्यात मात्र त्याची बहुतेक गोष्ट कळते.